मी पिशवी अडकवायचा हूक नाही

जरा खाली वाका, मी बोलतोय. अजून खाली. आरशाकडे काय बघताय? टाकीकडेही नाही. मोटारसायकलच्या डाव्या अंगाला, सीटच्या खाली, जिथं तुम्ही भाजीची पिशवी अडकवता ना, तिथं. हो, मीच तो. आणि तोंड उघडलंच आहे तर पहिल्या दमात सांगून टाकतो, मी पिशवी अडकवायचा हूक नाही. मी कुलूप आहे. हेल्मेटचं कुलूप.

बघा, लगेच तुमच्या भुवया वर गेल्या. "अच्छा, असं पण असतं का?" असतं हो, असतं! गाडी घरी येते त्या दिवसापासून असतं. पण बघायला वेळ कुणाला आहे? हेल्मेट चोरीला गेलं म्हणून गावभर बोंब मारायला वेळ आहे, खाली मान वळवायला नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथल्या एका बाईंनी माझ्या पोटात बारीक बारीक पितळी पट्ट्या बसवल्या, स्प्रिंग दाबून भरली आणि किल्ली फिरवली. माझी वाकडी जीभ टक् करून बाहेर आली. त्यांनी अंगठ्यानं दाबली, तशी टक् करून आत जाऊन बसली. "झकास!" त्या म्हणाल्या. ती माझी पहिली शाबासकी. दुसरीसाठी किती वाट बघावी लागणार आहे याची तेव्हा काय कल्पना.

आम्ही तिघं भाऊ, एकाच किल्लीचे. थोरला हँडलपाशी, गाडी चालू-बंद करतो. मधला पेट्रोलच्या टाकीवर. धाकटा मी. किल्ली एक, त्यामुळे एका वेळी एकाचंच काम. ती थोरल्याकडे असली की मी गप्प, आणि माझ्याकडे आली की गाडी गप्प. थोरल्याचा थाट काय विचारता! दिवसातून दहादा किल्ली त्याच्या घरी. मधल्याकडेही अधूनमधून चक्कर. आणि माझ्याकडे? पाहुणी म्हणूनसुद्धा नाही.

माझं काम अवघड आहे म्हणावं तर तेही नाही. किल्ली फिरवा, मी जीभ बाहेर काढतो. हेल्मेटच्या पट्ट्याला लोखंडी कडी असते, ती तिच्यात अडकवा. जीभ दाबा, किल्ली खिशात टाका आणि हात हलवत चालू लागा. हेल्मेट गाडीच्या कुशीला सुखरूप. एवढ्या साध्या गोष्टीसाठी माणसानं किती धडपड करावी, ते आता ऐका.

माझे मालक लिफ्ट दुरुस्त करतात. सकाळी या इमारतीत, दुपारी त्या इमारतीत, गाडी दिवसभर कुणाच्या तरी दारात उभी. माणूस कामाचा, हुशार, लिफ्टच्या बाबतीत तर भलताच कडक. प्रत्येक मजल्यावरच्या दाराला आतून कुलूप असतं म्हणे. ते नीट बसल्याशिवाय लिफ्ट हलताच कामा नये. मालक प्रत्येक दाराचं कुलूप बोट लावून तपासतात, तपासलं की मोठ्यानं "बसलं" म्हणतात आणि मगच पुढच्या मजल्यावर जातात. इमारतीतली माणसं कंटाळतात. "अहो, उरका की लवकर," म्हणतात. मालक ढिम्म हलत नाहीत.

असा हा कुलपांचा जाणकार माणूस! आणि स्वतःच्या गाडीचं कुलूप? नवी गाडी दारात आली त्या दिवशी त्यांनी माझ्यात किल्ली घातली होती. फिरवली सुद्धा. मला काय आनंद झाला! मी टक् करून जीभ बाहेर काढली. आणि मालक बघतायत कुठं, तर बाजूच्या झाकणाकडे. त्यांना वाटलं, झाकण उघडेल. झाकण कशाला उघडतंय? दोन-तीनदा हिसका देऊन पाहिला आणि म्हणाले, "हे काही उघडत नाही. बिघडलेलंच दिलंय वाटतं." अहो, हातभर अंतरावर जीभ बाहेर काढून उभा होतो मी! तेवढ्यात मालकीणबाई आल्या. त्यांनी मला पाहिलं, कौतुकानं पाहिलं, आणि म्हणाल्या, "अय्या, पिशवी अडकवायला हूक दिलाय, बरं झालं."

संपलं. माझा निकाल तिथंच लागला. जीभ दाबून आत बसवली गेली आणि तेव्हापासून तिच्या वाकड्या पाठीवर दुधाच्या पिशव्या, कांद्याच्या पिशव्या, एकदा तर ओलं पायपुसणं. माझ्या अंगावर ते तसंच निथळत होतं.

आता मालकांच्या हेल्मेटांचे हाल. पहिलं ते बरोबर वर घेऊन जायचे. लिफ्टच्या कामाला दोन्ही हात लागतात, म्हणून एकदा केबिनच्या टपावर ठेवलं आणि विसरले. बिचारं दिवसभर वर-खाली हिंडत राहिलं. संध्याकाळी सापडलं तेव्हा आतबाहेर ग्रीस. मालकीणबाईंनी ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. दुसरं आरशाला अडकवलं. ते गेलं, आणि नेणारा आरसाही वाकडा करून गेला. तिसरं एका वॉचमनकडे ठेवलं. परत आले तर वॉचमन म्हणतो, "ते मघाशीच नेलं की तुमच्या माणसानं."

"माझ्या माणसानं? अरे बाबा, माझा माणूस मीच आहे!"

"मग तुम्हीच नेलं असेल."

मालक गाडीपाशी येऊन चरफडत उभे राहिले. एक हात कमरेवर, दुसरा हात सीटवर, आणि बोटं माझ्यापासून वीतभर वर. मी ओरडतोय, अहो, इथं आहे मी, इथं! पण कुलपाला आवाज देण्याची बुद्धी त्या शेडमधल्या कुणाला सुचली नव्हती.

मग आली साखळी. फाटकाला लावावी एवढी जाडजूड. हेल्मेटच्या पट्ट्यातून काढून चाकात ओवायची आणि वर एक भलं मोठं परकं कुलूप ठोकायचं. ते लोंबकळतं धूड बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपायही नाही आणि मस्तकही नाही, तरी गेली. हेल्मेट चाकाशी जमिनीवर उताणं पडायचं. एका कुत्र्याला ते सोयीचं वाटलं, त्यानं आपलं काम उरकून घेतलं. आणि एक दिवस मालक घाईत निघाले, साखळी काढायची विसरले, गाडी जेमतेम हातभर पुढे गेली आणि आम्ही सगळे आडवे. कुणाला फारसं लागलं नाही. पण मालकांची घाई म्हणजे काय चीज आहे ते मला त्या दिवशी कळलं.

साखळी माळ्यावर गेली आणि मालकांनी कमालच केली. कामावरची पिवळी टोपी, लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना घालतात ती, तीच डोक्यावर ठेवून गाडी चालवायला लागले. कारण काय, तर ही कुणी चोरत नाही! त्यांचा जोडीदार हसून हसून बेजार. "दादा, आज रस्त्यानं आलात का लिफ्टच्या खड्ड्यातून?"

मालकीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या दवाखान्यात प्लास्टर घालायच्या खोलीत काम करतात. मोडलेले हातपाय रोज त्यांच्या हाताखालून जातात. "ही टोपी वरून पाना पडला तर कामाची," त्या म्हणाल्या. "तुम्ही पडलात तर सगळ्यात आधी ही उडून जाईल. कळतंय का?"

"बघू गं. घेऊ एखादं."

"बघू नका. घ्या."

त्यांनी घेतलं नाहीच. आणि मग मेहुणेबुवा घरी राहायला आले.

मेहुणेबुवा म्हणजे मालकीणबाईंचा धाकटा भाऊ. दुसऱ्या गावी एकटाच राहायचा. तिथं गाडीवरून पडला आणि डोक्याला मार बसला. हातपाय धडधाकट राहिले, पण शब्द विस्कटले. त्याला सगळं समजतं, मनात सगळं बरोबर असतं, पण बोलायला जावं तर भलताच शब्द बाहेर येतो. पाणी हवं असलं की "जिना" म्हणतो. शब्द चुकला हे त्यालाही कळतं, मग ओठ घट्ट मिटून मान खाली घालतो. पूर्वी तासन्‌तास गप्पा हाणणारा माणूस. आता पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत राहतो. मालकीणबाई त्याला राजा म्हणतात. त्याला जेवायला वाढताना त्यांचा आवाज वेगळाच होतो.

तो आल्यावर मालकीणबाई स्वतः जाऊन हेल्मेट घेऊन आल्या. लालभडक, भक्कम, आतून मऊ. आणि हनुवटीच्या पट्ट्याला दोन लोखंडी कड्या! त्या कड्या पाहिल्या आणि काय सांगू, माझी स्प्रिंग थरथरली. मापात माप. माझ्याचसाठी घडवल्यासारख्या.

आणि मालकांनी काय करावं? ते हेल्मेट कपाटात ठेवलं!

"एवढं भारी हेल्मेट," ते म्हणाले, "दारोदार घेऊन फिरू? पहिल्याच दिवशी जाईल. नंतर तूच बोलशील."

"अहो, ते डोक्यासाठी आणलंय, कपाटासाठी नाही!"

"तेच म्हणतोय. राहिलं तर डोक्यासाठी होईल ना."

हद्द झाली! चोरापासून जपायचं म्हणून हेल्मेट घरात, आणि डोकं मात्र रस्त्यावर, पिवळ्या टोपीत. मालकीणबाई दारात उभ्या राहून रोज त्यांना जाताना बघायच्या. "एक डोकं घरात आहे तसं," त्या एकदा म्हणाल्या, "दुसऱ्याची सेवा करायची ताकद माझ्यात नाही." तरी मालक गेले टोपी घालूनच. एवढं रडवलं त्यांनी त्या बाईला, आणि उपाय त्यांच्या मांडीखाली. मी तिथं दोन किलो कांदे धरून बसलेलो. मला स्वतःचीच लाज वाटायला लागली होती.

एका सुट्टीच्या सकाळी मालक गाडी धूत होते. नंतर बाजारात जायचं होतं. मालकीणबाईंनी लाल हेल्मेट आणून सीटवर ठेवलं होतं, "आज तरी घाला" म्हणून. किल्ली थोरल्याच्या घरात. मेहुणेबुवा पायरीवर बसलेले. ते उठले, गाडीपाशी आले आणि थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. कुणीतरी माझ्याकडे असं बघण्याची ती पहिलीच वेळ. मग त्यांनी सरळ थोरल्यातली किल्ली काढली, वाकले आणि माझ्यात घातली. फिरवली. मी जीभ बाहेर काढली, इतक्या दिवसांनी काढली की करकरली. त्यांनी हेल्मेटची कडी तिच्यात घातली आणि अंगठ्यानं दाबली. टक्.

"कात्री," ते म्हणाले आणि किल्ली मालकांच्या हातात ठेवली.

"अरे, काय केलंस हे?" मालकांनी बादली टाकली आणि हेल्मेट ओढायला लागले. निघेना. जोर लावला. मी सोडतोय होय! "अडकलं बघ! अगं, स्क्रू-ड्रायव्हर आण गं, याच्या भावानं हेल्मेट अडकवून ठेवलंय!" गडबडीत कोणाचा भाऊ कोण याचंही भान राहिलं नव्हतं त्यांना. माझं तर धाबं दणाणलं. आयुष्यात पहिल्यांदा कामाला लागलो आणि त्याच दिवशी उचकटला जाणार?

मेहुणेबुवांनी शांतपणे किल्ली परत घेतली, माझ्यात फिरवली, हेल्मेट काढून दाखवलं. पुन्हा अडकवलं. टक्. मालकांनी वाकून पाहिलं. मग स्वतः किल्ली फिरवली. काढलं, अडकवलं, काढलं, अडकवलं. आणि ओल्या फरशीवर मटकन खाली बसले.

"हे इथंच होतं?"

इथंच होतं! इथंच होतं! इथंच होतं!

मालक कपाळाला हात लावून हसायला लागले. "मी कुलपांवर पोट भरणारा माणूस, आणि याला कांदे अडकवतोय!" मेहुणेबुवाही हसले, आल्यापासून पहिल्यांदा. मी तर हवेतच होतो. मला वाटलं, आता मालकीणबाईही हसतील.

त्या हसल्या नाहीत. स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून माझ्याकडेच बघत होत्या. "राजाच्या गाडीलाही असंच होतं," त्या हळू म्हणाल्या. "तो रोज लावायचा. पडला त्या दिवशी कोपऱ्यावरून ब्रेड आणायला निघाला होता. एवढ्याशासाठी कशाला काढायचं म्हणून हेल्मेट तसंच राहू दिलं. गाडी परत मिळाली तेव्हा ते असंच लटकत होतं. एक ओरखडा नव्हता त्याच्यावर."

मेहुणेबुवा माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

माझी सगळी हवा गेली. तिकडे त्या गाडीवर माझ्यासारखाच कुणीतरी असणार. त्यानं आपलं काम चोख केलं. धरलेलं सोडलं नाही. त्याच्या हातातलं हेल्मेट शाबूत राहिलं आणि शेजारी माणूस रस्त्यावर पडला होता. इतकी वर्षं मी ऊर बडवत होतो की मला काम द्या, मला काम द्या. आपल्या कामातून असंही होऊ शकतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

त्यानंतर दिवस बरे गेले, खोटं कशाला बोलू. लाल हेल्मेट रोज रस्त्यावर मालकांच्या डोक्यावर आणि गाडी उभी राहिली की माझ्याकडे. एकदा एक पठ्ठ्या आला, इकडे तिकडे बघत त्यानं हेल्मेटाला हिसका दिला. मी तसूभर हललो नाही. तो मला शिवी देऊन निघून गेला. ती शिवी मी शाबासकीच्या खात्यात टाकली.

आणि मग एका दुपारी मालक जेवायला घरी आले असताना फोन वाजला. जवळच्याच इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत एक म्हाताऱ्या बाई आणि त्यांची सून, बाईंना श्वास लागलेला. मालक ताटावरून उठले, हात न पुसता धावत आले, किल्ली थोरल्यात, बटण दाबलं, गाडी सुरू.

हेल्मेट माझ्याकडेच.

"अहो, हेल्मेट!" आतून मालकीणबाई ओरडल्या.

"दोन वळणं तर आहेत गं! माणसं अडकलीत तिथं!"

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. ते घट्ट धरलेलं हेल्मेट मला फेकून द्यायचं होतं, त्यांच्या पायावर आदळायचं होतं. पण मला सोडता येत नाही. किल्ली थोरल्याकडे, गाडी चालू, आणि मी मुकाट लटकतं ओझं धरून बसलेलो. त्या क्षणी वाटलं, यापेक्षा कांदे बरे होते.

मेहुणेबुवा अनवाणी धावत आले आणि चाकासमोर उभे राहिले. "दाजी, खिडकी! खिडकी!"

"बाजूला हो रे!"

"खिडकी... पाऊस... दाजी!" शब्द सापडेना. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं. मालकांनी हॉर्न दाबला. घरातल्या माणसावर हॉर्न! मेहुणेबुवांनी शब्दांचा नाद सोडला, हात पुढे केला आणि थोरल्यातली किल्ली उपटून काढली. गाडी बंद.

"वेडा झालास का?" मालक किंचाळले.

मेहुणेबुवा माझ्यापाशी वाकले. घाईत किल्ली दोनदा माझ्या तोंडावर आपटली. मग बसली, फिरली. कधी एवढ्या लगबगीनं जीभ बाहेर काढली नसेल मी. त्यांनी हेल्मेट काढलं, मालकांच्या डोक्यावर स्वतःच्या हातांनी बसवलं, पट्टा दोन्ही कड्यांतून ओवला आणि घट्ट ओढला. हनुवटीखाली बोट घालून पाहिलं. मग किल्ली दिली.

"आता जा," ते म्हणाले.

शब्द बरोबर आले होते. दोन्ही. मालकीणबाई दारात तोंडावर हात धरून उभ्या होत्या. मालकांनी मेहुणेबुवांचा खांदा दाबला, गाडी सुरू केली आणि आम्ही निघालो. दोन्ही वळणं नीट पार पडली. म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या, पाणी प्यायल्या आणि लिफ्टवाल्यांना उशीर का झाला म्हणून मालकांवर डाफरल्या.

तेव्हापासून त्यांनी एक सवय लावून घेतली आहे. गाडी सुरू करण्याआधी ते खाली वाकतात, लिफ्टच्या दाराला लावतात तसं माझ्या जिभेला बोट लावतात आणि मोठ्यानं म्हणतात, "रिकामं." मगच किल्ली थोरल्याकडे जाते. मेहुणेबुवा पायरीवर असले तर तेही मान हलवतात. शेजारपाजारचे हसतात. हसू देत. ज्या रिकामपणाच्या नावानं मी आयुष्यभर बोटं मोडली, तो शब्द आता मला दिवसातून दहादा ऐकायचा असतो.

माझी जीभ झिजत चालली आहे, किल्ली पूर्वीसारखी सहज फिरत नाही. होईल तितके दिवस धरीन. पण तुम्ही, जे माझं ऐकत इथवर वाकून उभे आहात, तुमच्या गाडीलाही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्यावरची ती पिशवी आधी काढा. गाडी उभी कराल तेव्हा हेल्मेट त्याच्या हवाली करा, तो जीव गेला तरी सोडणार नाही. आणि तो सोडणार नाही म्हणूनच सांगतो, निघण्याआधी एकदा, ब्रेड आणायला निघाला असलात तरी, असंच खाली वाका. तो रिकामा दिसला तर खुशाल जा.